दोनच ओळी तर लिहायच्या

रात्री पावणेबाराला फोन वाजला की भली माणसं घाबरतात. आधी देवाचं नाव घेतात, मग फोन. मीही देवाचं नाव घेतो, पण वेगळ्या कारणानं. तुळशीचं लग्न लागल्यापासून पहिला पाऊस पडेपर्यंत त्या वेळेला येणारा फोन एकाच कामाचा असतो.

"दादूस, झोपलास क?"

"झोपलो होतो."

"मंग बरा. जरासा काम होता. उद्या आमचे बाल्याची हलद हाय, एक गाना पायजे. दोनच वली लिवायच्या हान."

पेणमध्ये गणपतीची मूर्ती इंचात मोजतात, पापड शेकड्यावर मोजतात, गाणं मात्र सगळेजण 'दोन ओळीं'वर मोजतात. तीन ओळी मागणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. पण या दोन ओळी पेणच्या पोह्यांसारख्या असतात. भिजवल्या की फुगतात. बारा वाजता त्यांचा मुखडा होतो, सव्वाबाराला तीन अंतरे होतात, साडेबाराला "मधी जरा बेंजो टाक" असा निरोप येतो, पाऊण वाजता "आनि खालूबाजा पन", आणि एक वाजता खरी गोष्ट कळते की गाणार आहे नवऱ्याची भाची, ती आयुष्यात पहिल्यांदा गाते आहे आणि "तेवढा सुरात करून घे."

मी रामवाडीत राहतो. दुसऱ्यांसाठी गाणी लिहितो, चाली लावतो, त्यांचं संगीत करतो, ध्वनिमुद्रण करतो आणि त्याचे पैसे मागतो. या पाचांपैकी सर्वांत जास्त प्रतिभा शेवटच्या कामाला लागते.

घरी आलेल्यांना आई माझ्या व्यवसायाबद्दल एवढंच सांगते, "घरूनच असतं त्याचं. कंप्युटरवर." लोकांना आयटी वाटतं. एकदा एक स्थळ आलं होतं. मुलीच्या मामांनी चहाचा कप खाली ठेवून विचारलं, "पॅकेज किती?"

मी म्हणालो, "हळदीचं वेगळं, वरातीचं वेगळं. दोन्ही घेतलीत तर बारशाचं फुकट."

मामांनी कप पुन्हा उचलला, पण चहा संपवला नाही.

माझा स्टुडिओ म्हणजे घरामागची दहा बाय दहाची खोली. भिंतींना आजीच्या गोधड्या टांगल्या आहेत आणि माईक उभा आहे आईच्या लाकडी कपाटासमोर. गायकानं कपाटाची दोन्ही दारं उघडायची, साड्यांच्या रांगेत तोंड खुपसायचं आणि गायचं. लटकलेलं कापड आवाजाचा घुमारा गिळून टाकतं. मुंबईचे स्टुडिओ यासाठी भिंतींना महागडा फोम चिकटवतात. मी आईचा लग्नातला शालू वापरतो. मोठमोठ्या आवाजाची माणसं त्या कपाटात अर्धी अंतर्धान पावून, फक्त पाठ बाहेर ठेवून, "नवरी नटली" असं गाताना मी पाहिली आहेत. पाठीवरून माणूस सुरात आहे की नाही हे मला आता ओळखता येतं. खांदे वर गेले की सूर खाली गेलाच म्हणून समजा.

ध्वनिमुद्रण चालू असताना पंखा बंद करावा लागतो. पेणचा मे महिना, गोधड्यांची खोली आणि बंद पंखा. एका गायकानं दोन कडव्यांत तीन टॉवेल भिजवले आणि तिसऱ्या कडव्याला म्हणाला, "दादा, दर्द आपोआप येतोय."

त्यात शेजारी महामार्ग. पूर्वी त्याचा नंबर १७ होता, आता ६६ आहे. आमच्या भागातलं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं आणि माझी कारकीर्द २०१३ साली. दोघांबद्दलही नातेवाईक एकच प्रश्न विचारतात, "अजून चालूच आहे का?" दिवसा कुठलंही गाणं मुद्रित करा, त्यात वडखळच्या दिशेनं निघालेला एखादा ट्रेलर कोरस देऊन जातो. म्हणून मी रात्री दोन ते चार हीच वेळ धरतो. चारनंतर कोंबडे. पावसाळ्यात तीही वेळ नको, कारण वर पत्रा आहे. आणि गणपतीची गाणी नेमकी पावसाळ्यातच करायची असतात, त्यामुळे माझ्या प्रत्येक आरतीत ताशा कमी आणि पत्रा जास्त वाजतो.

अशाच एका रात्री तो प्रकार घडला. साडेतीन वाजले होते. गायक अकराव्यांदा गात होता आणि अकराव्यांदा मात्र असा गायला की माझ्या अंगावर काटा आला. मी कपाटाचं दार हातानं धरून उभा होतो, कारण बिजागरी कुरकुरते. शेवटचं कडवं संपलं, समेवर यायला एक मात्रा उरली आणि कपाटातल्या डांबरगोळ्यांचा सगळा वास एकदम माझ्या नाकात शिरला. मी शिंकलो. बरोब्बर समेवर.

कामात माशी शिंकते असं ऐकलं होतं. इथे निर्माता शिंकला. गायकाला पुन्हा गा म्हणावं, तर तो घामाघूम होऊन पाच वाजताची गाडी पकडायला निघून गेला. संध्याकाळी हळद. मी ती शिंक काढायला तासभर झटलो. शिंक काढली की सम जायची, सम ठेवली की शिंक यायची. शेवटी तिच्यावर थोडी ढोलकी ओतली आणि गाणं पाठवून दिलं. त्या शिंकेकडे आपण पुढे येऊच.

हळदीच्या गाण्याचं व्याकरण वेगळं असतं. कवी कल्पना सुचवतो, यजमान नातेवाईक सुचवतात. एका घरानं मला सत्तावीस नावांची यादी पाठवली. सगळी गाण्यात यायला हवीत, मानाप्रमाणे. प्रमिला, उर्मिला, शर्मिला या जावा म्हणजे देवाची कृपा, एकाच ओळीत बसल्या. पण पुढे एक काका होते, त्यांचं नाव सहा अक्षरी, त्यात दोन जोडाक्षरं. त्यांना आत घ्यायला मला ठेकाच बदलावा लागला. गाणं चांगलं केरव्यात चाललेलं असायचं, काका आले की सगळे नाचणारे एक पाय वर धरून थांबायचे, काका गेले की पुन्हा पाय खाली. एवढं करून एक आत्या राहिली. ती हळदीला आली नाही, लग्नालाही आली नाही. दोन महिन्यांनी मला फोन आला.

"आत्याला टाकून परत बनव."

"पण लग्न झालं ना?"

"लग्न झाला. आत्या नाय झाली."

गाणं करून घेणाऱ्यांची मागणी बहुधा अशी असते: "ते हिट झालेलं गाणं आहे ना, अगदी तसंच पाहिजे. पण वेगळं." मला वाटायचं की हे दुःख फक्त माझ्या वाट्याला आलंय. मग एकदा आमच्या आळीतल्या मूर्तिकार काकांच्या कारखान्यात बसलो होतो. मुंबईचं एक मंडळ आलं. मोबाईलवर एका प्रसिद्ध राजाचा फोटो दाखवून म्हणालं, "अगदी अशीच मूर्ती. पण कुणी म्हणता कामा नये की तशीच आहे." काका शांतपणे म्हणाले, "करू. सोंडेला जरा वळण देऊ." मी त्याच दिवशी घरी येऊन एका हिट गाण्याच्या चालीला सोंडेचं वळण दिलं. गिऱ्हाईक खूश.

पेणचा गणपती जगभर जातो हे सर्वांना ठाऊक असतं. हमरापूर, जोहे या गावांमधून वर्षभर साचे भरले जातात हेही ठाऊक असतं. पण त्यातल्या पुष्कळ मूर्ती कच्च्या जातात हे फार जणांना माहीत नसतं. कच्ची म्हणजे बिनरंगाची. दुसऱ्या गावचा कारागीर तिला रंग देतो, डोळ्यांची आखणी करतो, आणि ती मूर्ती त्या गावची होते. माझी गाणीही कच्ची जातात. मी शब्द, चाल, ठेका सगळं भरून देतो, गायक येऊन डोळे आखतो. मग व्हिडिओचा ड्रोनवाला त्यांना रंग देतो. मिरवणुकीत माझा साचा कुणी विचारत नाही.

निवडणुकीच्या गाण्यात मात्र साचाच विकला जातो. एका ग्रामपंचायतीच्या वेळी एक ताई आल्या. गाणं आजच हवं होतं, पण चिन्ह मिळालेलं नव्हतं, कारण अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्याशिवाय चिन्हं वाटत नाहीत. मी चिन्हासाठी जागा रिकामी ठेवून गाणं बांधलं. मनात शिट्टीसाठी नवस बोललो, म्हणजे वाजवताही आली असती. कपबशी चालली असती, नारळ तर धावला असता. चिन्ह मिळालं रोडरोलर.

रोडरोलरला मराठीत यमक नाही. इंग्रजीत आहे, पण 'डॉलर' ग्रामपंचायतीला शोभत नाही आणि 'कॉलरा' ऐन प्रचारात बोलू नये. शेवटी ताईंच्या दिरांची कॉलर ताठ केली आणि वेळ निभावली. त्याच रात्री विरोधी बाईंचे यजमान आले. त्यांना ताईंची चाल आवडली होती. "हीच चाल द्या, फक्त आमचं चिन्ह घाला." आठ दिवस गावात दोन रिक्षा एकाच चालीत एकमेकींना शिव्या देत फिरत होत्या. निकाल लागला. जिंकलेल्या म्हणाल्या, आम्ही कामावर जिंकलो. हरलेल्या म्हणाल्या, आम्ही गाण्यामुळे हरलो. दोघींनीही पैसे दिले नाहीत.

पैशांवरून आठवलं. विनोबा आमच्याच पेण तालुक्यातले. १८९५ साली गागोद्याला जन्मले. त्यांनी देशभर पायी हिंडून जमीन दानात मागितली. आमच्याकडचे गायक बसल्या जागी गाणं दानात मागतात. मला आजवर गाण्यांच्या बदल्यात मिळालेल्या वस्तू अशा: वालाच्या शेंगा, सोडे, पांढरे कांदे, एकदा पोपटीचं आमंत्रण आणि एकदा जिवंत कोंबडा. तो कोंबडा मी दया येऊन पाळला. पहाटे चारनंतरचा जो कोंबडा वर आला, तो हाच. माझ्याच मानधनानं माझं रेकॉर्डिंग बंद पाडलं.

यावर उपाय म्हणून मी कायद्याचा आधार घ्यायचं ठरवलं. पेणच्या कोर्टात वकिली करणारा एक वर्गमित्र आहे. त्याच्याकडे गेलो, तर त्यानं माझी छाती फुगवली. म्हणाला, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली मोठी दुरुस्ती झाली. जावेद अख्तरांनी राज्यसभेत किल्ला लढवला. आता गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा त्यानं सही करून दिला तरी निर्मात्याला गिळता येत नाही. शिवाय तू गेल्यावर पुढची ६० वर्षं हक्क तुझ्या वारसांकडे.

"वारस नाहीत," मी म्हणालो. "मामांनी चहा अर्धा ठेवला."

"असू दे. तुझी गाणी कुठं कुठं वाजतात?"

"हळदीत. वरातीत. गणपतीत."

मित्रानं चष्मा लावला, पुस्तकाची चार पानं उलटली आणि त्याचा चेहरा पडला. याच कायद्याचं कलम ५२. कुठल्या गोष्टी केल्या तर हक्कभंग होत नाही, त्यांची तिथं यादी आहे. तिच्यात स्वच्छ लिहिलंय, धार्मिक विधी, आणि त्यात लग्नाची वरात व लग्नाशी निगडित समारंभ धरले आहेत.

मी बराच वेळ त्या पानाकडे बघत बसलो. देशात एवढी ठिकाणं आहेत जिथं गाणं वाजलं तर गीतकाराचं देणं लागतं. हॉटेलं आहेत, दुकानं आहेत, रेडिओ आहे. कायद्यानं सोडलेल्या जागांत नेमक्या माझ्या दोन आहेत, देव आणि लग्न. कायदा करणाऱ्यांना माझा रामवाडीचा पत्ता कुणी दिला, याचा मी अजून शोध घेतोय.

तरी इंटरनेटवरची रॉयल्टी येते. मागच्या वर्षी खात्यात ११ रुपये ४० पैसे जमा झाले. आईनं पेढे आणायला सांगितलं. पेढ्यांना साठ रुपये पडले.

बरं, पैसा जाऊ दे, निदान नाव? या बाबतीत आपले संत फार हुशार. अभंगाच्या शेवटच्या चरणातच नाव ओवून टाकायचे. तुका म्हणे, नामा म्हणे, जनी म्हणे. नाव काढायचं तर अभंगच मोडावा लागेल. आणि शाहीर होनाजी तर माझा आदर्श. कवनं रचायचा होनाजी, गायचा बाळा, आणि फडाचं नाव काय? होनाजी-बाळा. लिहिणारा आधी! वर १९५१ साली शांतारामबापूंनी 'अमर भूपाळी' काढला तो होनाजीवर. हे मी प्रत्येक गायकाला सांगतो. प्रत्येक गायक म्हणतो, "बाळावर पन काढायला पायजे होता."

म्हणून मीही एका गाण्याच्या शेवटच्या कडव्यात माझं नाव ओवलं. गायकानं कपाटातून तोंड बाहेर काढलं.

"ह्यो कोन?"

"मी."

"तू कशाला मधी?"

गाणं बाहेर आलं तेव्हा त्या जागी डीजेवाल्याच्या पुतण्याचं नाव होतं. मीटरमध्ये चपखल बसलं होतं, हे मला मान्य करावं लागलं. मी नसतं बसवलं इतकं चांगलं.

मग आलं ते शिंकेचं गाणं. माझ्या नशिबानं ते चाललं. पेणच्या हळदीत वाजलं, तिथून पनवेल, उरणला गेलं. पोरं शिंकेच्या जागी थांबून मुद्दाम सगळ्यांनी मिळून शिंकायला लागली. त्याचे रील निघाले. मी अधीर होऊन यूट्यूबवर श्रेयनामावली वाचली. गायक होता. निर्माता होता. ड्रोन, मेकअप, फेटे बांधणारा. विशेष आभार म्हणून चहावाला होता. आणि मग माझी ओळ आली:

गीत-संगीत: पारंपरिक.

आई चष्मा लावून वाचत होती. म्हणाली, "हा पारंपरिक बरा लिहितो हो. तू पण असं काहीतरी लिही ना."

मूर्तिकार काकांकडे जाऊन रडगाणं गायलो. ते एका गणपतीचा डोळा आखत होते, म्हणून आधी हातानंच थांब म्हणाले. डोळा झाला, मग बोलले. "माझं नाव तरी कुठं असतं? दहा दिवस आरती होते आणि मग पाण्यात जातो. तुझं निदान बुडवत तरी नाहीत."

"बुडवतात काका. रोखीत बुडवतात."

गेल्या वैशाखात एका हळदीला गेलो होतो. आमंत्रण होतं, काम नव्हतं, असा योग दुर्मीळ. मांडवात माझं गाणं लागलं. सम आली, अख्खा मांडव शिंकला. सूत्रसंचालकानं माईक घेतला आणि गंभीर आवाजात म्हणाला, "मंडळी, ही आपली परंपरा हाय! हलद लावताना नाकात जाते, नवरी शिंकते. शिंक शुभ! आपले पूर्वज येडे नव्हते." टाळ्या पडल्या.

माझ्या शेजारी नऊवारीतल्या एक आजी बसल्या होत्या. डोळे पुसत होत्या. मला म्हणाल्या, "ह्यो गाना माजे आयेशीचे हलदीन वाजलेला."

गाणं मी २०२१ साली विजेच्या बिलाच्या पाठीवर लिहिलं होतं. ते बिल अजून माझ्याकडे आहे. मी आजींना तसं सांगणार होतो, पण दुसरं कडवं सुरू झालं होतं आणि मीही नकळत गुणगुणू लागलो होतो. आजींनी माझ्या गुडघ्यावर चापट मारली.

"चुकलास. तसा नाय तो."

आणि त्यांनी मला माझी ओळ दुरुस्त करून शिकवली. एक शब्द त्यांनी बदलला होता. घरी येऊन बिलाच्या पाठीवर ताडून पाहिलं. आजींचा शब्द चांगला होता. मी तो पेन्सिलीनं लिहून ठेवला.

त्या रात्री पावणेबाराला फोन आलाच.

"दादूस, ते शिंकेचा जुना पारंपरिक गाना हाय ना, तसाच एक पायजे. दोनच वली."

"मिळेल," मी म्हणालो. "पण पारंपरिक गाण्याचा दर जास्त असतो. आगाऊ."

पलीकडे क्षणभर शांतता. मग आवाज आला, "बरोबर हाय. जुनी वस्तू म्हागच असते." आणि बारा वर्षांत पहिल्यांदा, गाणं लिहिण्याआधी, माझ्या खात्यात पैसे जमा झाले.

तेव्हा वाचकहो, पुढच्या मोसमात कुठल्या हळदीत समेवर शिंक ऐकू आली, तर परंपरेला खुशाल नमस्कार करा. फक्त ती शिंक माझी आहे, एवढं लक्षात ठेवा.